ईमेल वार्तापत्राचे वेळापत्रक कसे पाळावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीहून मी द्राक्ष आणि बेदाणा उत्पादकांसाठी दर पंधरा दिवसांनी एक ईमेल वार्तापत्र काढतो. ते वाचून स्वतःचे वार्तापत्र सुरू करणाऱ्यांची पत्रे येत राहतात. त्यांत वाईचे निवृत्त शिक्षक आहेत, साताऱ्यातला गिर्यारोहकांचा गट आहे, एका पतसंस्थेचे व्यवस्थापकही आहेत. काय लिहावे याबद्दल त्यांना फारशी शंका नसते; अडचण असते ती ठरल्या दिवशी अंक निघण्याची. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येत असल्याने उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

१. नियमित म्हणजे नेमके किती वेळा? दर आठवड्याला अंक काढलाच पाहिजे का?

नाही. किती वेळा यापेक्षा ठरलेले अंतर पाळले जाते की नाही, यावर नियमितपणा ठरतो. वर्षभर न चुकता निघणारे मासिक वार्तापत्र हे तीन आठवडे निघून दोन आठवडे गायब होणाऱ्या साप्ताहिकापेक्षा अधिक नियमित असते. अंतर ठरवताना उत्साहाचा आठवडा धरू नये. वर्षातला सर्वांत ओढाताणीचा आठवडा धरावा. द्राक्ष बागायतदारासाठी तो फळछाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारण्या चालू असतानाचा असतो, शिक्षकासाठी मार्चमधल्या परीक्षांचा, मिठाईवाल्यासाठी दिवाळीच्या आधीचा. त्या आठवड्यातही जेवढे काम निभेल, तेवढेच वाचकांना कबूल करावे. गणपतीत साप्ताहिक म्हणून सुरू झालेली आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत थंडावलेली वार्तापत्रे मी इतकी पाहिली आहेत की नवख्याला मी पंधरवडाच सुचवतो. रोजचा अंक बाजारभावासारख्या रोज बदलणाऱ्या मजकुरालाच शोभतो.

२. वेळापत्रक पाळल्याने खरेच काय फरक पडतो? मजकूर चांगला असला म्हणजे पुरे नाही का?

मजकूर चांगला हवाच, परंतु वाचकाला त्याची वाट पाहता आली पाहिजे. या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण बोलके आहे. औंध संस्थानातल्या एका माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे छोटेखानी पत्र सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक उभे राहिले आणि १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आले. मोठ्या शहरापासून दूर, टपालावर विसंबून चाललेल्या या पत्राला घरोघरी स्थान मिळाले, त्यात मजकुराइतकाच ठरावीक काळाने हाती पडणाऱ्या अंकाचाही वाटा असला पाहिजे, असे मला वाटते.

दुसरे कारण तांत्रिक आहे. प्रेषकाचे पूर्वीचे वर्तन पाहून त्याचे पत्र मुख्य टपालात ठेवायचे की स्पॅममध्ये टाकायचे, हे ईमेल सेवा ठरवतात. कित्येक महिने शांत असलेल्या पत्त्यावरून एकाएकी शेकडो पत्रे सुटली, तर ती संशयास्पद ठरतात. मोठ्या खंडानंतर काय करावे, ते प्रश्न १७ मध्ये पाहावे.

३. कोणता वार आणि कोणती वेळ सर्वांत चांगली?

‘मंगळवारी सकाळी दहा वाजता’ हे सर्वत्र आढळणारे उत्तर परदेशी कचेऱ्यांत बसणाऱ्या वाचकांना धरून दिलेले आहे. तासगावचा बागायतदार सकाळी दहाला मेल वाचत नाही, कारण तो तेव्हा बागेत असतो. माझा अंक गुरुवारी दुपारी एक वाजता जातो, कारण जेवणानंतरच्या अर्ध्या तासात माझे वाचक फोन हातात घेतात, असे त्यांच्याच उत्तरांच्या वेळांवरून दिसले. तुमच्या वाचकांसाठी दोन वेळा निवडाव्यात, यादीचे दोन भाग करावेत आणि चार अंक दोन वेगळ्या वेळांना पाठवून उत्तरे व दुव्यांवरील टिचक्या मोजाव्यात. किती जणांनी अंक उघडला हा आकडा येथे कामाचा नाही. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे. एकदा वेळ ठरली की वर्षभर ती हलवू नये.

तुमच्या भागात देखभालीसाठी ज्या वारी वीज बंद असते, तो वार पाठवण्यासाठीही टाळावा आणि अखेरच्या तपासणीसाठीही. ही बाब कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही.

४. अंक दर वेळी शेवटच्या रात्रीच का पूर्ण होतो? कामाची आखणी कशी करावी?

लिहिण्याचा वेळ सगळे धरतात. उरलेल्या कामांचा धरत नाहीत. पहिल्या तीन अंकांना प्रत्यक्ष किती तास लागले, याची वहीत नोंद ठेवावी. दुवे तपासणे, छायाचित्र लहान करणे, शीर्षक तीनदा बदलणे, एखादा दर फोन करून पडताळणे या कामांना लेखनाइतकाच वेळ गेलेला दिसेल.

आखणी पाठवण्याच्या दिवसापासून उलटी करावी. माझा अंक गुरुवारी जायचा असेल, तर आदल्या शुक्रवारी विषय पक्का होतो, शनिवार-रविवारी कच्चा मसुदा होतो, सोमवारी फोन आणि पडताळणी, मंगळवारी काटछाट, आणि बुधवारी चाचणीचा मेल माझ्या स्वतःच्या फोनवर व संगणकावर येतो. बुधवारी नवे काहीही लिहायचे नाही, हा त्यातला सर्वांत कडक नियम आहे आणि तो मोडला की चूक झालीच, असा माझा अनुभव आहे.

अंकाचा साचा ठरलेला असावा. माझ्या अंकात एक मुख्य टिपण, बाजाराची स्थिती आणि एका वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर, एवढीच तीन सदरे असतात. साचा नसेल तर अंक फुगत जातो. फुगलेल्या मराठी अंकाची एक वेगळीच अडचण आहे. सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठा मेल जीमेल पूर्ण दाखवत नाही, तो मध्येच कापून उरलेला भाग एका दुव्यामागे ठेवते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकाच्या प्रचलित लिपिसंकेतात ३ बाइट घेते, तर रोमन अक्षर १ बाइट. त्यामुळे तेवढ्याच लांबीचा मराठी मजकूर ही मर्यादा लवकर गाठतो. कापलेल्या भागात यादीतून नाव काढून टाकण्याचा दुवाही जातो आणि तो न सापडलेला वाचक सरळ स्पॅमचे बटण दाबतो.

५. आजारपण किंवा घरचे कार्य आले तर? राखीव अंक किती असावेत?

पाक्षिकासाठी दोन पुरतात. राखीव अंकात तारखेशी बांधलेला मजकूर नसावा: बाजारभाव नको, ‘या आठवड्यात’ असा उल्लेखही नको. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, शीतगृहाची पावती कशी वाचावी, असे विषय कधीही चालतात. कणगीतले बियाणे खाल्ले की पुढच्या पेरणीची पंचाईत होते. म्हणून वापरलेल्या राखीव अंकाची जागा महिन्याच्या आत भरून काढावी. भरणे जमत नसेल, तर तुमचे अंतरच चुकले आहे, असे समजून प्रश्न १६ कडे वळावे.

६. सहा महिन्यांनी विषय सुचेनासे होतात. काय करावे?

वर्षचक्र लिहून काढावे. पाक्षिकाला वर्षाला २६ अंक लागतात. वहीत २६ ओळी आखून आधी ज्या गोष्टी दर वर्षी येणारच आहेत त्या भराव्यात. माझ्या वहीत एप्रिलमध्ये खरड छाटणी आहे, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आहे, फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडवरचे काम आहे, आणि दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे काही काळ बंद असतात म्हणून तेथे जुन्या वर्षाच्या हिशेबाचा अंक आहे. साताऱ्याच्या गिर्यारोहकांनी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा कासच्या फुलांचा काळ आधी भरला. नाटकावर लिहिणाऱ्या सांगलीकराला ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन सोडून चालणार नाही; विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात ‘सीता स्वयंवर’ रंगवले. असे केल्यावर निम्म्या ओळी भरलेल्या दिसतात.

उरलेल्या निम्म्या वाचकांच्या प्रश्नांनी भराव्यात. प्रत्येक अंकाच्या शेवटी एकच नेमका प्रश्न विचारावा. ‘आपला अभिप्राय कळवा’ या वाक्याला कोणी उत्तर देत नाही. ‘यंदा तुमच्या बागेत घड किती सुटले?’ या प्रश्नाला देतात.

७. आपोआप पाठवण्याची सोय लावली की निश्चिंत राहता येते का?

बऱ्याच अंशी. मात्र वार्तापत्र पाठवणाऱ्या सेवेच्या खात्यातील घड्याळ आधी पाहावे. पहिल्या वर्षी माझ्या खात्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ तशीच राहिली होती आणि ऑक्टोबरातला दुपारी एकचा अंक रात्री साडेदहाला गेला. एका सद्गृहस्थांनी रात्रीच फोन करून विचारले, ‘अहो, एवढ्या रात्री काय झाले?’ दुसरी नेहमीची चूक दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांच्या गोंधळाची आहे. बाराऐवजी साडेबारा किंवा एक निवडला तर तिचा धोका बराच कमी होतो.

अंक लावून ठेवल्यावरही पाठवण्याच्या दिवशी सकाळी तो एकदा वाचावा. रात्रीतून गारपीट झाली असेल, तर ‘यंदा हवामान अनुकूल आहे’ हे वाक्य दुपारी वाचकांच्या हाती पडता कामा नये.

८. साध्या जीमेलवरून वार्तापत्र पाठवले तर चालेल का?

पन्नास-साठ ओळखीच्या वाचकांपर्यंत चालते. विनामूल्य जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पर्यंतच मेल पाठवता येतात. वेळ लावून पाठवण्याची सोय २०१९ पासून तेथेही आहे. पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यातच घालावेत, अन्यथा सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतात. परंतु नाव काढण्याची सोय, परत आलेल्या मेलची नोंद यांपैकी काहीच मिळत नाही.

यादी वाढली की वार्तापत्र सेवा आणि स्वतःचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे स्वतःचे नाव, घ्यावा. सेवेतून पाठवताना प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता लावू नये, कारण तो पत्ता खरोखर तुमचाच आहे हे पडताळता येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला हे दाखवणाऱ्या, तिन्ही पडताळण्या व एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे. तुमची यादी तीनशेची असली, तरी या पडताळण्यांच्या नोंदी तुमच्या डोमेनवर पहिल्याच दिवशी करून ठेवाव्यात.

९. अंक चुकला. माफी मागावी का?

एका दिवसाचा उशीर असेल, तर काहीही न लिहिता अंक पाठवावा. ठरलेल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक काळ उलटला असेल, तर तो अंक सोडून द्यावा आणि पुढचा अंक त्याच्या ठरल्या दिवशी काढून त्यात एका वाक्यात खुलासा करावा. भरपाई म्हणून लागोपाठ दोन अंक पाठवू नयेत. वाचकाने त्याची मागणी केलेली नसते. लांबलचक माफीनामा तर कधीच नको. ज्यांच्या लक्षातही आले नव्हते, त्यांना तो चूक दाखवून देतो. अंकाचा क्रमांक मात्र सलग ठेवावा.

१०. सणासुदीला अंक काढावा की सुट्टी घ्यावी?

सुट्टी घ्यावी, पण जानेवारीतच जाहीर करून. गणेशोत्सवाचा एक आणि दिवाळीचा एक असे दोन अंक मी दर वर्षी वगळतो. प्रश्न ६ मधील २६ ओळींतून दोन आधीच गळतात, हा त्याचा आणखी एक लाभ.

११. अंक उघडणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले, म्हणून वेळ बदलावी का?

केवळ त्यावरून नाही. अंक उघडला गेला हे मेलमधील एका अदृश्य चित्रावरून मोजले जाते. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची अशी सोय आली की वाचकाने अंक उघडला नाही, तरी ते चित्र आधीच उतरवले जाऊ शकते. उलट चित्रे बंद ठेवणारा वाचक अंक शेवटपर्यंत वाचूनही मोजला जात नाही. आलेली उत्तरे, दुव्यांवरील टिचक्या आणि नावे काढणाऱ्यांची संख्या, या तीन गोष्टी सहा-आठ अंक पाहाव्यात आणि मगच प्रश्न ३ मधील प्रयोग पुन्हा करावा.

१२. आम्ही तिघे मिळून काढतो. तरीही उशीर होतो. असे का?

कारण तिघेही एकमेकांवर विसंबून असतात. लेखन वाटून घ्यावे, परंतु ‘पाठवा’ हे बटण दाबण्याची जबाबदारी एकाच्या नावावर असावी आणि त्याच्या गैरहजेरीत ती कोणाकडे जाईल, हेही लिहून ठेवावे.

१३. माझे अनेक वाचक अमेरिकेत आहेत. वेळ कोणाची धरावी?

हा प्रश्न वाई आणि साताऱ्याकडून अधिक येतो. आपली सकाळची सातची वेळ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशी रात्रीचे साडेनऊ, आणि हिवाळ्यात साडेआठ; तेथे मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. सकाळी सातला पाठवल्यास गावचा वाचक चहाबरोबर वाचतो आणि तिकडचा झोपण्यापूर्वी, त्यामुळे बहुतेकांना ही एकच वेळ पुरते. अंकात ‘आज संध्याकाळी’ असे न लिहिता तारीख लिहावी, कारण तिकडे अजून कालच असतो.

१४. तारखेऐवजी तिथीने, म्हणजे दर संकष्टीला, अंक काढता येईल का?

येईल, आणि सांगलीसारख्या गणपतीच्या गावात ही कल्पना मला आवडलीही. मात्र सेवेतील ‘दर महिन्याला पुन्हा पाठवा’ ही सोय इंग्रजी तारखेवर चालते. तिला तिथी कळत नाही. वर्षारंभी पंचांगातून सर्व तारखा काढून एकेक हाताने लावाव्या लागतील. संकष्टी चंद्रोदयाच्या वेळच्या चतुर्थीवरून ठरते, म्हणून अंदाजाने महिना मोजून तारीख लावू नये. अधिक मासाचाही विचार करावा: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. अशा मराठी वर्षात बाराऐवजी तेरा अंक होतात. वार्षिक वर्गणी घेत असाल, तर तेरावा अंक वर्गणीत धरला आहे की नाही, हे आधीच छापावे. एका गृहस्थांनी तो धरला नव्हता आणि वाचकांनी मात्र धरला होता.

१५. पूर आला, वीज गेली, तर ठरलेला अंक जाऊ द्यावा का?

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात हा प्रश्न काल्पनिक नाही. आपोआप लावलेला अंक तुमच्या घरात पाणी असतानाही ठरल्या वेळी जातो. हीच त्या सोयीची सोय आणि हाच तिचा धोका. वाचक छपरावर बसलेला असताना त्याच्या फोनवर बेदाण्याच्या प्रतवारीचे टिपण येणे, याला नियमितपणा म्हणता येत नाही.

माझा नियम आकड्याशी बांधलेला आहे, कारण पुराच्या दिवसांत विचार करून निर्णय घेण्याइतके डोके ठिकाणावर नसते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी ४० फुटांवर गेले की लावलेला अंक थांबवायचा आणि ‘पुढचा अंक पाणी उतरल्यावर’ एवढेच कळवायचे. हे करण्यासाठी खात्याची चावी, म्हणजे पासवर्ड, पूरक्षेत्राबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे असली पाहिजे. माझी विट्यातील मावसभावाकडे असते. कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचे, म्हणजे विसर्गाचे, आकडे स्वतः लिहून पाठवू नयेत. ते तासातासाला बदलतात आणि सकाळचा आकडा संध्याकाळी वाचणारा माणूस चुकीचा निर्णय घेऊ शकतो. पाणी ओसरल्यावर पंचनामा, विमा यांविषयीचा जादा अंक काढण्यास हरकत नाही. तो ठरल्या अंकाच्या जागी धरू नये.

१६. साप्ताहिकाचे पाक्षिक करायचे आहे. वाचक नाराज होतील का?

अंतर वाढवताना सहसा कोणी नाराज होत नाही. कोणत्या तारखेपासून, एवढे एका अंकात सांगावे. अंतर कमी करताना मात्र विचारावे लागते. ज्याने महिन्यातून एका पत्रासाठी पत्ता दिला, त्याला चार पाठवणे हा त्याच्या संमतीचा परस्पर विस्तार आहे. अधिक अंक हवे असणाऱ्यांची वेगळी यादी करावी, बाकीच्यांना पूर्वीप्रमाणेच पाठवावे.

१७. आठ-दहा महिने वार्तापत्र बंद होते. आता पुन्हा सुरू कसे करावे?

पूर्ण यादीला एकदम नवा अंक पाठवू नये. बऱ्याच जणांना तुम्ही कोण हे आठवणार नाही आणि ते तक्रार नोंदवतील. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचू देऊ नये आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावे, अशी जीमेलची अपेक्षा आहे. म्हणजे हजारात तीन तक्रारीही जास्तच ठरतात. प्रथम साधे पत्र लिहावे: आपण पूर्वी अमुक वार्तापत्र घेत होता, ते अमुक तारखेपासून दर पंधरा दिवसांनी सुरू होत आहे, नको असल्यास येथे नाव काढावे. हे पत्र आधी पूर्वी उत्तरे देणाऱ्यांना, मग हळूहळू इतरांना पाठवावे आणि परत आलेले पत्ते त्याच दिवशी काढून टाकावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, म्हणून ‘नाव काढण्यासाठी फोन करा’ ही पद्धत सोडावी.

आणि पहिले पत्र पाठवण्यापूर्वी तीन अंक लिहून तयार असावेत. दुसऱ्यांदा बंद पडलेले वार्तापत्र वाचक तिसऱ्यांदा स्वीकारत नाही.

१८. वार्तापत्र कायमचे बंद करायचे आहे. नुसते थांबवले तर चालणार नाही का?

शेवटचा अंक काढावा आणि तो नेहमीच्याच वारी, नेहमीच्याच वेळी पाठवावा. त्यात जुने अंक कोठे मिळतील, भरलेल्या वर्गणीची उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल आणि वाचकांचे पत्ते कधी पुसले जातील, या तीन गोष्टी असाव्यात. यादी दुसऱ्या कोणाला देऊ नये, मित्राला तर मुळीच नाही. उत्तरे येण्यासाठी खाते आणखी दोन महिने चालू ठेवावे. वर्गणीची विचारणा करणारे एक-दोन मेल दुसऱ्या महिन्यातच येतात.